सल्ला : शेवटच्या किलोमीटरला पाय का थांबतात?

प्रश्न : वय ४७. दोन वर्षांपासून रोड बाइक चालवतो. सपाटीवर ताशी २७ किलोमीटर सहज निघतात. घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) तासभर १५० वॉट टिकतात. आमच्या नेहमीच्या रस्त्यावर चार किलोमीटरचा चढ आहे, सरासरी ७ टक्के. पहिले तीन किलोमीटर ६ टक्क्यांचे, तिथे मी मित्रांबरोबर ताशी १२ ने जातो. शेवटचा किलोमीटर १० टक्क्यांचा. तिथे पाय अक्षरशः थांबतात, गुडघे पुढून दुखायला लागतात आणि मी उतरून सायकल ढकलतो. पुढे ५०-३४, मागे ११-२८ दातांच्या चक्र्या अशी जोडणी आहे. माझं वजन ७२ किलो, सायकल ९, पाणी-पंप-कपडे मिळून आणखी ४. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) घ्यावी असं मनात आहे. पण ग्रुपमध्ये विषय काढला तर ‘म्हातारपणाची काठी आत्ताच कशाला? आधी पाय तयार कर’ असं ऐकावं लागलं. पाय कमी पडतायत की गिअर? की हलकी चाकं घेऊ?
— अर्ध्यावर उतरणारा

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आकडे. बहुतेक जण ‘चढावर दम लागतो, काय करू?’ एवढंच लिहून मोकळे होतात. तुम्ही वजन, वॉट, दात, टक्के सगळं दिलंत, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची वेळ आली नाही. वही घेऊन बसलो आणि गणित मांडलं. निकाल आधीच सांगतो : गिअर कमी पडतोय, आणि पहिल्या तीन किलोमीटरांत तुमची घाईही होतेय. पायांचा यात फारसा दोष नाही.

आधी गिअर. पुढे ३४ आणि मागे २८ दात असले की पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ३४ भागिले २८, म्हणजे १.२१ वेळा फिरतं. रोड बाइकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. म्हणजे तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या जरा पुढे जाते, २.५५ मीटर.

आता चढ. १० टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर. कोनात मोजलं तर पावणेसहा अंशही नाही, कागदावर काढला तर पोरखेळ वाटेल. पण सायकल, तुम्ही आणि सामान मिळून ८५ किलो होतात आणि ते वजन पृथ्वी मागे ओढते. त्यात टायरचं घर्षण आणि थोडी हवा धरली, चेनमध्ये जाणारी शक्ती वजा केली, की १५० वॉटमध्ये तुमचा वेग निघतो ताशी ६ किलोमीटर. मिनिटाला शंभर मीटर. त्याला २.५५ ने भागा : मिनिटाला ३९ फेरे.

एकोणचाळीस! इतक्या कमी केडन्सवर (म्हणजे मिनिटाला पॅडलच्या फेऱ्यांवर) कुणाचेही पाय थांबल्यासारखे वाटतील. एक पाय खाली जातो, दुसरा वर येतो, आणि दोन्हींच्या मधल्या त्या मेलेल्या क्षणात चढ सायकलचा वेग खाऊन टाकतो. सपाटीवर सायकल त्या क्षणातून आपल्या गतीने निसटते, १० टक्क्यांवर नाही निसटत. प्रत्येक फेऱ्याला जणू नव्यानं सुरुवात करावी लागते. गुडघ्याचं म्हणाल तर तेवढेच १५० वॉट ३९ फेऱ्यांत काढायचे असतील तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) पायांना सरासरी २२ किलोचा जोर सतत लावावा लागतो. हलक्या गिअरनं ५४ फेऱ्यांत काढले तर १६ किलो. पाय जेव्हा बरोबर खाली दाबत असतो तेव्हाचा जोर या सरासरीच्या बराच वर असतो, आणि तो मांडीच्या पुढच्या स्नायूतून थेट गुडघ्याच्या वाटीवर येतो. तुम्हाला दुखतं ते तिथेच. सीट खाली असली तरी हाच त्रास वाढतो, म्हणून तेही एकदा तपासा : टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली आणलं की पाय जवळपास सरळ व्हायला हवा. गिअर हलका करून, सीट नीट करूनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. तिथे माझा सल्ला चालायचा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, कारण यावर ग्रुपमध्ये हमखास वाद होतो. हलका गिअर तुमची शक्ती वाचवत नाही. ८५ किलो तेवढ्याच उंचीवर न्यायचे तर तेवढंच काम पडतं, गिअर कुठलाही असो. गिअर फक्त ते काम किती तुकड्यांत करायचं हे ठरवतो. पोतं एका दमात माडीवर न्यायचं की चार खेपांत, तसं. पोतं उचलू शकणारा माणूस खेपा करणाऱ्याला कमजोर म्हणत असेल तर म्हणू दे, पाठ त्याची आहे.

आता त्या ‘म्हातारपणाच्या काठी’बद्दल. ही टर शंभर वर्षांहून जुनी आहे, तुमच्या मित्रांनी शोधलेली नाही. टूर द फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज यानं १९०२ सालीच लिहिलं होतं की बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक आहेत, स्नायूंच्या जोरावर जिंकणंच बरं. या हट्टापायी टूरमध्ये कित्येक वर्षं डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) बंदी होती. घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असायची, आणि मग चढायला लागायचे. १९३६ मध्ये देग्रांजच्या हातून सूत्रं गेली आणि १९३७ मध्ये डिरेलर आले. आजचे व्यावसायिक रायडर तर तीव्र चढाच्या दिवशी मुद्दाम मोठी कॅसेट लावून येतात. स्पेनमधला आंग्लिरू हा घाट १९९९ पासून तिथल्या वुएल्टा स्पर्धेत येतो. त्यात एका ठिकाणी चढ २३ टक्क्यांच्या वर जातो. जगातले सगळ्यात तयार पाय तिथे हलका गिअर लावतात आणि तुम्ही-आम्ही ११-२८ वर इभ्रत राखायची, हा न्याय मला कळत नाही. तसंही तुम्ही ४७ चे. तुम्हाला तर देग्रांजचीसुद्धा परवानगी आहे.

तर काय बसवायचं? तुमच्या मनात आहे ती ११-३४ घ्या. पुढे ३४, मागे ३४ : एका फेऱ्यात चाक बरोबर एकदा फिरेल, २.१ मीटर. शेवटच्या किलोमीटरला त्याच १५० वॉटवर केडन्स ४७ होईल. त्या दहा मिनिटांपुरते १८० वॉट काढलेत (एवढ्या वेळापुरते ते निघतात, पण आधी थकून आला नसाल तर) तर ५७. ही चढायला बरी केडन्स आहे. सपाटीवरचे ८०-९० फेरे चढावर आणायच्या भानगडीत पडू नका. ६० ते ७० मिळाले तर छान, पन्नाशीच्या आत गेलात तर गिअर जड आहे असं समजा.

अजून हलकं हवं असेल तर पुढचा क्रँकसेट (पुढच्या चक्र्या आणि पॅडलचे दांडे) बदलावा लागेल. ४६-३० ची जोडी मिळते. ३० आणि ३४ म्हणजे एका फेऱ्यात १.८५ मीटर, १५० वॉटवर केडन्स ५४, १८० वर ६४. मला विचाराल तर दोन वर्षांनी चढाची गोडी लागली आणि याहून उभे घाट खुणावू लागले तर हे करा, आज गरज नाही. पण ‘४६ घेतला तर उतारावर वेग जाईल’ या भीतीनं ते टाळू नका. ४६ आणि ११ वर ९० च्या केडन्सनं ताशी ४७ किलोमीटर निघतात, ५० आणि ११ वर ५१. सपाटीवर २७ ने जाणाऱ्या माणसाला या दोन आकड्यांतला फरक आयुष्यात किती वेळा लागणार? उतारावर तेवढा वेग आला की पॅडल थांबवून ब्रेकवर बोटं ठेवणंच बरं.

हलक्याला खालूनही एक मर्यादा आहे. ताशी पाचाच्या आत सायकल सरळ धरणं अवघड होतं, आणि तो चालण्याचा वेग झाला. म्हणून रोड बाइकवर एका फेऱ्यात सव्वा मीटरच्या खाली जाऊन फारसं काही हाती लागत नाही. माउंटन बाइकचं वेगळं, तिथे खडबडीत चढावर जाड टायर तोल सांभाळतात.

कॅसेट विकत घेण्याआधी एक काम करा, नाहीतर घरी आणून कळायचं की बसतच नाही. मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात. पहिली, तो जास्तीत जास्त किती दातांची चक्री पेलतो. ११-२८ सोबत आलेले बरेचसे डिरेलर आखूड पिंजऱ्याचे (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) असतात, आणि त्यांना ३४ झेपत नाही. दुसरी, तो एकूण किती ढिली चेन गोळा करू शकतो, याला कपॅसिटी म्हणतात. पुढच्या दोन चक्र्यांतला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि छोट्या चक्रीतला फरक. तुमचा सध्या १६ अधिक १७, म्हणजे ३३. नव्या कॅसेटनं होईल १६ अधिक २३, म्हणजे ३९. डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, त्यावरून कंपनीच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे सापडतात. आकडा कमी पडला तर मध्यम किंवा लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागेल. तो तुमच्या शिफ्टरशी (हँडलवरच्या गिअर बदलायच्या कळीशी) जुळणारा आणि तितक्याच स्पीडचा, म्हणजे मागे तितक्याच चक्र्यांचा, हवा. दहा स्पीडच्या शिफ्टरला अकराचा डिरेलर जोडून ‘बघू, चालतंय का’ करू नका.

आणि चेन. इथे लोक हटकून फसतात. जुनी चेन २८ च्या मापानं कापलेली असते. नव्या कॅसेटवर ती तशीच ठेवली आणि कधीतरी चुकून पुढे ५०, मागे ३४ पडलं की चेन ताणली जाते आणि डिरेलर ओढून, वाकवून, कधीकधी फ्रेमवरचा हँगरही (डिरेलर जिथे बसतो तो तुकडा) मोडून टाकते. त्यामुळे नवी, लांब चेन घ्या. माप सोपं आहे : चेन डिरेलरमधून न घेता थेट पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रीवरून गुंडाळा, दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथून आणखी एक इंच, म्हणजे दोन कड्या, सोडून कापा. मग डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून वरची छोटी चाकी ३४ ला घासणार नाही इतकी लांब करा. हात बसलेला नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण चेनचं माप त्याच्या शेजारी उभं राहून बघाच.

पुढची ३४ काढून नुसती ३० ची चक्री लावता येईल का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगतो : तुमच्या कॉम्पॅक्ट (५०-३४ च्या) क्रँकवर बोल्टचं वर्तुळ बहुधा ११० मिलिमीटरचं आहे. त्यावर ३३-३४ हून छोटी चक्री बसतच नाही, दात बोल्टना भिडतात. पूर्ण क्रँकसेटच बदलावा लागतो.

हलक्या चाकांचं दोन ओळींत उरकतो. ८५ किलोंतला एक किलो कमी केलात तर तुमच्या अर्ध्या तासाच्या चढावर सुमारे २० सेकंद वाचतील. चाकं सुंदर दिसतात, मलाही आवडतात, पण ती केडन्स ३९ ची ५४ करणार नाहीत.

आता घाईकडे येतो. इथे मात्र तुमचे कान धरणार आहे. पहिले तीन किलोमीटर ६ टक्के चढावर तुम्ही ताशी १२ ने जाता. गणित केलं तर तिथे तुमच्याकडून १९५ वॉट जातायत. तासभर १५० टिकवणारा माणूस पंधरा मिनिटं १९५ काढतो आणि मग १० टक्क्यांच्या तोंडाशी येतो, तेव्हा त्याच्याकडे उरतं काय? तुमचे पाय शेवटच्या किलोमीटरला थांबत नाहीत. ते आधीच संपलेले असतात, शेवटचा किलोमीटर फक्त पावती फाडतो. १५० वॉटनं गेलात तर तिथे वेग पडेल साडेनऊच्या आसपास, आणि तीन किलोमीटरला पंधराऐवजी एकोणीस मिनिटं लागतील. चार मिनिटं. तेवढ्या वेळात मित्र पुढच्या वळणामागे गेलेले असतील, हे मान्य. जाऊ दे त्यांना. तुम्ही सायकल ढकलत येण्यात यापेक्षा जास्त वेळ घालवत असाल.

वॉट मोजायचं यंत्र सायकलवर नसेल तर श्वासाकडे बघा. चढाच्या पहिल्या अर्ध्या भागात एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांत तुटायला लागलं की वेग उतरवा. पहिल्या पाच मिनिटांत ‘आपण फारच हळू जातोय’ असं वाटलं तर बहुतेक वेग बरोबर आहे. आणि सरासरी टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. तुमच्याच चढाची सरासरी ७ आहे, पण ७ टक्क्यांचा रस्ता त्यावर कुठेच नाही. गिअर निवडायचा तो सगळ्यात उभ्या तुकड्यासाठी.

गिअर टाकायची वेळही शिकून घ्या. पुढची चक्री बदलायची ती चढ सुरू होण्याआधी, पाय हलके असताना. मी एकदा चढाच्या मध्यावर, पॅडलवर उभं राहून, सगळा जोर लावलेला असताना ५० वरून ३४ वर आलो. चेन आतल्या बाजूला पडली, पॅडल मोकळं फिरलं, बूट क्लीटनं (तळव्याखालच्या खटक्यानं) पॅडलला अडकलेले, आणि मी आडवा. लागलं फारसं नाही, पण मागून येणाऱ्या तिघांनी ‘बरा आहेस ना?’ विचारलं ते जास्त लागलं. मागचा गिअर चढावर टाकता येतो, पण टाकताना अर्धा फेरा जोर कमी करा. त्यासाठी आधीचा अर्धा फेरा जरा जास्त रेटायचा, म्हणजे वेग पडत नाही. आणि शेवटचा, सगळ्यात हलका गिअर पहिल्याच वळणावर संपवू नका. एक हाताशी ठेवला की मनालाही धीर असतो.

बसून की उभं राहून? बहुतेक बसून. उभं राहिलं की शरीराचं वजन मदतीला येतं, पण ते वजन पेलायचं कामही वाढतं आणि हृदयाचे ठोके चढतात. वळणावर चढ एकदम उभा झाला किंवा पाठ अवघडली की वीस-तीस फेरे उभं राहा. उभं राहण्याआधी मागे एक-दोन गिअर जड करा, नाहीतर पाय भसकन खाली जातो. उठताना पॅडलला जोर देत उठा. नुसतं उठलं तर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या पुढच्या चाकाला लागते. ओल्या रस्त्यावर उभं राहू नका, मागच्या चाकावरचं वजन कमी होऊन ते जागच्या जागी फिरतं. बसलेले असताना सीटवर जरा पुढे सरका, कोपर वाकवा, हँडल पिळू नका. १० टक्क्यांवर पकड घट्ट होतेच, ती मुद्दाम सैल करावी लागते.

नागमोडी वळणांत आतली बाजू सगळ्यात उभी असते, बाहेरची सौम्य. रस्ता मोकळा आणि दिसणारा असेल तर आपल्या बाजूत राहून जितकं बाहेरून जाता येईल तितकं जा. रस्ताभर नागमोडी चालवून चढ कमी करायची युक्ती फक्त वाहन नसलेल्या रस्त्यावर.

सराव म्हणून आठवड्यातून एकदा त्याच चढावर एकटे जा. मित्रांशिवाय. पहिले तीन किलोमीटर साडेनऊनं, घड्याळ न बघता, आणि शेवटचा जमेल तसा. पहिल्या खेपेला बहुधा अर्धा किलोमीटर जास्त जाल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला वर पोहोचाल, तेही नव्या कॅसेटची वाट न बघता.

मध्ये थांबावं लागलंच तर लाज नको, पण पुन्हा निघायची रीत ठेवा. दोन्ही ब्रेक दाबून धरा, गिअर सगळ्यात हलका असू द्या (थांबण्याआधीच टाका, थांबल्यावर पडत नाही), एक पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा. मागेपुढे गाडी नसेल तर सायकल रस्त्याला जरा तिरकी लावा. तिरक्या दिशेनं चढ कमी होतो. पॅडलवर वजन टाका, ब्रेक सोडा, आणि दुसरा पाय पॅडलमध्ये अडकवायची घाई करू नका. दोन-चार फेरे नुसते तळव्यानं ढकला, सायकल चालू लागली की मग अडकवा.